चाल, मुद्रा आणि सभा : वामनदादा कर्डकांच्या गीतप्रवासाचा एक विचार

१

मराठी वाङ्मयेतिहासाच्या लेखनात गाणाऱ्या कवीचे स्थान नेहमीच संदिग्ध राहिले आहे. संतकवी कीर्तनातून गायले गेले, शाहीर फडांतून गायले. परंतु इतिहासकाराच्या हाती त्यांची रचना आली ती पोथीच्या किंवा संपादित ग्रंथाच्या रूपात, आणि त्या रूपातच ती वाङ्मय म्हणून स्वीकारली गेली. विसाव्या शतकात छापील कवितासंग्रह हे कवित्वाचे प्रमाणपत्र ठरल्यानंतर ज्याची रचना प्रथम कंठात, नंतर वहीत आणि सर्वांत शेवटी ग्रंथात आली, अशा कवीची नोंद कोणत्या प्रकरणात करावी हा प्रश्न अनुत्तरित राहिला. त्याची वाट बहुधा ‘लोकवाङ्मय’, ‘प्रचारगीते’ किंवा ‘चळवळीची गाणी’ अशा परिशिष्टवजा सदरांकडे वळविण्यात आली. वामन तबाजी कर्डक, म्हणजे उभ्या महाराष्ट्राचे वामनदादा, यांच्या वाट्याला हेच आले. १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यातल्या देशवंडी या खेड्यात जन्मलेला आणि १५ मे २००४ रोजी निधन पावलेला हा कवी सहा दशके गीते रचीत आणि गात राहिला. त्याच्या रचना शेकडो गायकांनी गायल्या आणि लाखो श्रोत्यांनी पाठ केल्या. तरीही त्याच्या काव्याविषयी जे लिहिले गेले त्यात गौरवाचा भाग मोठा आणि विश्लेषणाचा भाग अल्प आहे.

या उपेक्षेचे सामाजिक कारण उघड आहे व त्याची चर्चाही पुष्कळ झाली आहे. त्याहून कमी चर्चिले गेलेले कारण समीक्षेच्या संकल्पनाव्यूहात दडलेले आहे. आधुनिक मराठी समीक्षेने कवीच्या स्वतंत्रतेची जी कल्पना गृहीत धरली तिची दोन लक्षणे सांगता येतात. एक, कलाकृतीची घडण अनन्य असावी. दुसरे, तिचा कर्ता एकटा असावा. वामनदादांची गीते या दोन्ही कसोट्यांवर अडखळतात. त्यांच्या अनेक गीतांच्या चाली आधीच्या गाण्यांच्या आहेत आणि त्यांच्या गीतांना सिद्धी मिळते ती इतरांच्या गळ्यांतून. असे असूनही ते कोणत्याही संस्थेचे, दरबाराचे, नाट्यमंडळीचे किंवा ध्वनिमुद्रण-कंपनीचे आश्रित नव्हते. आश्रयाच्या दृष्टीने पाहता इतका स्वतंत्र कवी-गायक विरळाच. तेव्हा प्रश्न असा उपस्थित होतो, की उसन्या चालीवर रचणारा आणि दुसऱ्यांच्या मुखाने बोलणारा हा कवी कोणत्या अर्थाने स्वतंत्र आहे? वामनदादांच्या सांगीतिक प्रवासाचे टप्पे आणि त्यांच्यावरील संस्कार तपासले असता या प्रश्नाचे उत्तर चाल, मुद्रा आणि सभा या तीन घटकांच्या परस्परसंबंधात सापडते. प्रस्तुत निबंधाचा विषय तोच आहे.

२

वामनदादांचे बालपण ज्या परिसरात गेले त्या नाशिक जिल्ह्यात १९३० ते १९३५ ही वर्षे विलक्षण घडामोडींची होती. काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झाला, तेव्हा त्यांना आठवे वर्ष चालू होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवले येथे धर्मांतराची घोषणा केली, तेव्हा ते तेरा वर्षांचे होते. याच जिल्ह्यातून भीमराव कर्डक (आडनावाच्या साम्यामुळे दोघांची गल्लत होऊ नये) यांच्या जलशाचा उदय झाला. भीमरावांनी पुढे १९७८ मध्ये ‘आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य’ या पुस्तकात त्या चळवळीचा वृत्तांत नोंदवून ठेवला. जलशाची परंपरा अर्थातच त्याहून जुनी आहे. जोतीराव फुले यांनी १८६९ मध्ये शिवाजीराजांचा पोवाडा रचून शाहिरी रचनाबंध सामाजिक चिकित्सेसाठी वापरता येतो हे दाखविले; १८७३ मध्ये स्थापन झालेल्या सत्यशोधक समाजाच्या विचारांतून पुढे सत्यशोधक जलसे उभे राहिले; आणि त्यांच्या पाठोपाठ आंबेडकरी जलसे आले.

या जलशांनी तमाशाचा सांगाडा घेतला आणि आशय पालटला. गण राहिला, पण त्यातील देवतास्तवन गेले. गौळणीला फाटा मिळाला. बतावणी आणि वग हे अंधश्रद्धा, कर्ज, निरक्षरता, शहर आणि खेडे यांच्या संवादाचे वाहन बनले. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. परंपरेने ज्या जातींवर करमणुकीचे काम लादले होते, त्या जातींतील कलावंतांनी तीच कला, तेच वाद्य आणि तोच ठेका स्वतःच्या मुक्तीसाठी वापरला. म्हणजे ‘उसने घेणे’ ही क्रिया या परंपरेत दैन्याची खूण नव्हती. ती ताबा घेण्याची एक रीत होती. वामनदादांच्या चालींचा विचार करताना हे सूत्र विसरता कामा नये.

वामनदादांच्या घडणीतला दुसरा संस्कार मुंबईचा. खेड्यातून मुंबईत आलेल्या या तरुणाने गिरणीतील आणि इतर अंगमेहनतीची कामे केली. शाळेचा संस्कार त्यांना लाभला नव्हता. अक्षरओळख झाली ती तारुण्यात, समता सैनिक दलाच्या सहवासात. बाराखडी शिकल्यावर दुकानांच्या पाट्या वाचून त्यांनी जोडाक्षरांचा सराव केला. १९४३ मध्ये, म्हणजे वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांनी पहिले गीत रचले, आणि ते एका प्रचलित हिंदी गाण्याच्या धर्तीवर होते. अक्षर आणि गीत ही दोन्ही त्यांच्या हाती जवळजवळ एकाच काळात यावीत हा योगायोग अर्थपूर्ण आहे. मौखिक महाकाव्यांचा अभ्यास करणाऱ्या अल्बर्ट लॉर्ड यांनी ‘द सिंगर ऑफ टेल्स’ (१९६०) या ग्रंथात निरक्षर गायकाच्या रचनापद्धतीचे वर्णन केले. ठरावीक पदबंधांच्या आधारे तो गाताना रचतो व रचताना गातो. वामनदादा या वर्गात बसत नाहीत. ते लिहून रचणारे कवी आहेत. परंतु त्यांचा कान निरक्षर समाजात घडला आणि त्यांचा श्रोता बहुतांशी निरक्षर किंवा नवसाक्षर होता. अक्षर आणि ध्वनी यांच्या सीमेवर उभ्या असलेल्या कवीची ही स्थिती आहे. त्यांच्या गीतांत शब्द सोपे असतात पण वाक्यरचना सैल नसते, याचे मूळ या स्थितीत शोधता येते.

३

चाळीसच्या दशकातील मुंबईचा कामगारभाग हा ध्वनींचा मोठा बाजार होता. कोकणातून आलेले नमन-खेळे आणि शक्ती-तुरा, घाटावरून आलेली भजने व तमाशे, उत्तरेकडून आलेली कव्वाली, आणि या सर्वांवर पसरलेले बोलपटांचे संगीत ही सारी एकमेकांच्या शेजारी नांदत होती. १९४४ मध्ये अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने याच भागात शाहिरीला वर्गलढ्याची भाषा दिली. वामनदादांच्या गीतात जाती-अंताचा आशय केंद्रस्थानी असला तरी संपत्तीच्या वाटपाचा प्रश्न सातत्याने येतो, तो या शेजाराच्या पार्श्वभूमीवर पाहावयास हवा. देशातील बड्या उद्योगपतींची नावे घेऊन धनाच्या साठ्यातील आपला वाटा कोठे आहे, असा रोखठोक सवाल करणारे त्यांचे गीत सर्वपरिचित आहे. त्या गीताची ताकद केवळ सवालात नाही. ‘बाटा’, ‘टाटा’, ‘साठा’, ‘वाटा’ या शब्दांतील मूर्धन्य व्यंजनांची टक्कर ढोलकीच्या बोलाशी इतकी एकजीव होते, की अर्थशास्त्रातील वितरणाचा प्रश्न श्रोत्याच्या कानात ताल म्हणून शिरतो. मर्ढेकरांनी लयतत्त्वाच्या विवेचनात संवाद, विरोध व समतोल असे तीन नियम सांगितले. त्यांच्याच परिभाषेत बोलावयाचे तर येथे ध्वनीचा संवाद आणि अर्थाचा विरोध एकाच वेळी साधला जातो. नावे एकमेकांशी यमकाने जुळतात, आणि नेमके ज्यांचे जुळत नाही असे दोन वर्ग त्या यमकात समोरासमोर उभे राहतात. प्रचारगीत म्हणून बाजूला सारलेल्या रचनेत सौंदर्यशास्त्राला अभिप्रेत असलेली ही संघटना आढळावी, हे आपल्या वर्गीकरणाच्या उतावीळपणाचे द्योतक आहे.

कव्वाली आणि गझल यांचा संस्कार याहून खोलवरचा आहे. भीमाच्या मताचे अवघे पाच लोक असते तर चित्र कसे पालटले असते, अशी कल्पना करणारे वामनदादांचे गीत त्यांच्या सर्वोत्तम रचनांत गणले जाते. त्याच्या छंदाची मोजणी केली असता ते आनंदकंद वृत्तात बसते. दोन गुरू, एक लघू, एक गुरू, पुन्हा एक लघू आणि दोन गुरू असा तुकडा चरणात दोनदा येतो. गुरूच्या जागी काही ठिकाणी दोन लघू येतात आणि एखाददुसरा दीर्घ ईकार गाताना ऱ्हस्व होतो इतकेच. फारसी-उर्दू छंदःशास्त्रातील मुजारे या बहराच्या एका सुप्रसिद्ध प्रकाराशी हे वृत्त तंतोतंत जुळते. इक्बाल यांचे १९०४ सालचे ‘तराना-ए-हिंद’ याच मापाचे आहे. मराठीत हा मार्ग माधव जूलियन यांनी ‘गज्जलांजली’तून (१९३३) प्रशस्त केला आणि सुरेश भट (१९३२–२००३) यांनी तो लोकप्रिय केला, असा आपल्या वाङ्मयेतिहासाचा क्रम आहे. जूलियन हे फारसीचे प्राध्यापक. त्यांच्याकडे हे वृत्त ग्रंथाभ्यासातून आले. ज्याला अक्षरेच विशीत भेटली त्या वामनदादांकडे ते छंदःशास्त्राच्या पुस्तकातून आले असण्याचा संभव कमी. कव्वालीच्या बैठकींतून आणि चित्रपटगीतांतून घडलेल्या कानाने ते उचलले, असेच अनुमान करावे लागते. हे अनुमान स्वीकारले तर मराठी गझलवृत्तांच्या इतिहासाला एक समांतर प्रवाह जोडावा लागेल. तो विद्यापीठात उगम पावलेला नाही, चाळींच्या मोकळ्या जागांत आणि जयंतीच्या मंडपांत वाढलेला आहे.

या गीताच्या रचनेत आणखी एक बारकावा आहे. ‘असते’ हा संकेतार्थी क्रियापदाचा प्रकार रदीफसारखा चरणान्ती येत राहतो. गझलेत रदीफ ही नादाची सोय असते, तशीच ती आशयाची खीळही असते. येथे प्रत्येक कडवे ‘झाले असते’ या व्याकरणरूपाकडे परतते आणि त्यामुळे प्रत्येक वेळी ‘झाले नाही’ हे न उच्चारलेले विधान श्रोत्याच्या मनात उमटते. १९५६ च्या ६ डिसेंबरनंतर आंबेडकरांशिवाय उरलेला समाज, १९५७ मध्ये स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाची अल्पावधीत झालेली गटबाजी, बोलण्यात आदर्श आणि वागण्यात सवड हा विरोध — या साऱ्या अनुभवाचा निवाडा एका क्रियापदाने केला आहे. स्तुतिगीताच्या आवरणात आत्मपरीक्षण गुंफण्याचे हे कौशल्य केवळ भावनेच्या उमाळ्यातून येत नाही. शिवाय, हे गीत ज्यांच्यावर टीका करते तेच मंडपात बसून त्याचे ध्रुपद उचलतात. टीकेचे लक्ष्य आणि टीकेचा आवाज एकच होणे ही किमया छापील पानावर घडत नाही.

४

आता चालीच्या प्रश्नाकडे वळता येईल. सत्यशोधक आणि आंबेडकरी गीतांच्या छोट्या पुस्तिकांत गीताच्या शिरोभागी ‘चाल’ असे लिहून एखाद्या प्रसिद्ध गाण्याचा उल्लेख करण्याची पद्धत होती. ज्या वाचकाला स्वरलिपी येत नाही त्याला हा एकच शब्द स्वरलिपीचे काम देतो. वही हाती पडली की गाव गीत गाऊ लागते. गुरूची किंवा तालमीची वाट पाहावी लागत नाही. प्रसाराची ही यंत्रणा विलक्षण स्वस्त आणि विलक्षण वेगवान होती. परंतु उसन्या चालीमुळे रचना गौण ठरते, असा आक्षेप सुशिक्षित वर्तुळात दबक्या आवाजात घेतला जातो.

या आक्षेपाची परीक्षा मराठीच्याच इतिहासात करता येते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘सौभद्र’च्या काळापासून नाट्यपदांवर ‘चाल’ म्हणून कीर्तनातील, लावणीतील किंवा कानडी-हिंदुस्थानी परंपरेतील पदांचे मुखडे छापले जात. ‘मानापमान’ (१९११) आणि ‘स्वयंवर’ (१९१६) या नाटकांची पदे गोविंदराव टेंबे आणि भास्करबुवा बखले यांनी ठुमऱ्या व बंदिशींच्या आधारे बांधली. त्यामुळे त्या पदांना कोणी हिणकस मानले नाही. उलट, त्यांतून मराठी संगीताचे एक स्वतंत्र दालन उभे राहिले असे आपण अभिमानाने सांगतो. चाल बंदिशीतून उचलली तर ती परंपरेशी संवाद ठरते आणि चित्रपटगीतातून उचलली तर अनुकरण ठरते, असा दुजाभाव करण्यास कोणताही सौंदर्यशास्त्रीय आधार नाही. त्यामागे आहे ती स्रोतांची सामाजिक उतरंड.

उसन्या चालीचे कार्य वामनदादांच्या गीतात नेमके काय आहे? प्रचलित चाल श्रोत्याच्या मनात आधीपासून एक भाव घेऊन वसलेली असते. प्रणयगीताच्या चालीवर अन्यायाचा हिशेब मांडला, की श्रोत्याचा कान जुन्या शब्दांची अपेक्षा करतो आणि त्याला नवे शब्द मिळतात. अपेक्षा आणि प्राप्ती यांच्यातील या अंतरातच अर्थाची ठिणगी पडते. विडंबनकाव्यात मूळ कवितेची थट्टा साधलेली असते. येथे मूळ गाण्याशी वैर नाही. येथे करमणुकीसाठी राखलेली जागा विचारासाठी मोकळी करून घेतलेली आहे. जलशाने तमाशाच्या बाबतीत जे केले तेच वामनदादांनी चित्रपटगीताच्या बाबतीत केले. म्हणून त्यांच्या चालीचे ऋण त्यांच्या पहिल्या गीतापासूनच मान्य करणे आणि तरीही त्यांचे कर्तृत्व अबाधित मानणे, यात विसंगती नाही.

५

चाल सर्वांची असेल तर गीत कोणाचे, हा पुढचा प्रश्न. त्याचे उत्तर वामनदादांच्या गीताच्या शेवटच्या कडव्यात बहुधा मिळते. तेथे ‘वामन’ हे नाव येते. नाममुद्रेची ही रीत मराठी श्रोत्याला नवी नाही. तुका, नामा, चोखा यांच्या मुद्रांनी तिचा कान घडविलेला आहे. पण संतांची मुद्रा बहुधा ‘म्हणे’ या क्रियापदासह येते. ती उक्तीचा कर्ता सांगते. गझलेच्या मक्त्यात मात्र कवी स्वतःला हाक मारतो, स्वतःला दूषण देतो, स्वतःकडे परक्याप्रमाणे पाहतो. वामनदादांच्या मुद्रेत हे दोन्ही प्रवाह मिसळलेले आहेत. कधी वामन सांगतो, कधी वामनाला सांगितले जाते, आणि कधी वामन हा इतरांसारखाच एक सामान्य माणूस म्हणून कठड्यात उभा राहतो.

मिशेल फूको यांनी १९६९ मधील आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात लेखकाचे नाव हे एक कार्य आहे असे प्रतिपादिले. संहितांचे वर्गीकरण करणे, त्यांच्यावर मालकी प्रस्थापित करणे, प्रसंगी शिक्षेसाठी कर्ता निश्चित करणे ही कामे ते नाव करते. छापील संस्कृतीत हे नाव मुखपृष्ठावर, म्हणजे संहितेच्या बाहेर असते. मुद्रेच्या परंपरेत ते संहितेच्या आत, छंदाच्या मोजमापात विणलेले असते. ज्याच्याकडे प्रकाशक नाही, करारपत्र नाही, स्वामित्वहक्काची नोंद नाही, अशा कवीच्या कर्तृत्वाचा तोच एक दस्तऐवज असतो. ‘वामन’ या नावाचे वजन दोन गुरूंइतके आहे. त्या जागी दुसरे नाव घालावयाचे तर ते त्याच मापाचे असावे लागते; अन्यथा ठेका चुकतो आणि चोरी कानाला कळते. या अर्थाने वृत्त हे कवीचे संरक्षक ठरते. अर्थात हे संरक्षण अपुरेच असते. गायन पार्ट्यांच्या व्यवहारात दुसऱ्याच्या रचनेतील मुद्रा गाळून स्वतःची मुद्रा घालणे, शेवटचे कडवेच वगळणे, कडव्यांचा क्रम बदलणे असे प्रकार चालत. पुढे ध्वनिफितींच्या काळात गाण्याचा विस्तार काही मिनिटांत बसवावा लागे, तेव्हा सर्वांत सहज कापले जाणारे कडवे शेवटचेच असे. गीताचा प्रसार वाढतो तसतसे कर्त्याचे नाव पुसट होते, हे लोकप्रियतेचे क्रूर गणित वामनदादांसारख्या कवीलाच भोगावे लागते.

‘वाटचाल’ (१९७३), ‘मोहळ’ (१९७६) आणि ‘हे गीत वामनाचे’ (१९७७) हे संग्रह या पार्श्वभूमीवर पाहिले म्हणजे त्यांचे महत्त्व ध्यानात येते. तीन दशके गात राहिल्यानंतर कवीने पन्नाशी ओलांडताना आपले शब्द ग्रंथात बांधले. तिसऱ्या संग्रहाच्या शीर्षकात नाव थेट येते. शेवटच्या कडव्यातील मुद्रा जणू मुखपृष्ठावर जाऊन बसते. १९९६ मधील ‘माझ्या जीवनाचं गाणं’ या आत्मकथनाच्या शीर्षकातही जीवन आणि गाणे यांचे अभेदविधान आहे. हे संग्रह ज्या दशकात आले ते दलित साहित्याच्या उत्कर्षाचे दशक होते. १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ प्रसिद्ध झाला आणि त्याच वर्षी दलित पँथरची स्थापना झाली. मुक्तच्छंद, विद्रोही प्रतिमा आणि प्रस्थापित काव्यभाषेचा विध्वंस ही दलित कवितेची ओळख ठरली. समीक्षेचे लक्ष तिकडे जाणे स्वाभाविक होते. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला, की वृत्तबद्ध, गेय आणि समूहमुखी आंबेडकरी गीत हे दलित कवितेच्या चर्चेतही दुय्यम मानले गेले. प्रस्थापितांच्या वाङ्मयेतिहासाने ज्याला परिशिष्टात टाकले, त्याला पर्यायी इतिहासानेही पूर्वपीठिकेत ढकलले. एकाच समाजाच्या दोन काव्यप्रवाहांतील हा दुरावा मुळात वाचनसंस्कृती आणि श्रवणसंस्कृती यांच्यातील दुरावा आहे.

६

तिसरा घटक सभेचा. १९५६ च्या धर्मांतरानंतर जलशाचा नाट्यमय सांगाडा मागे पडत गेला आणि त्याची जागा गायन पार्टीने घेतली. पेटी, ढोलक किंवा तबला, दोन-तीन झीलकरी आणि एक मुख्य गायक एवढ्या सामग्रीवर रात्रभर कार्यक्रम चाले. १४ एप्रिल, दसऱ्याचा धम्मचक्र प्रवर्तन दिन, बुद्धपौर्णिमा अशा तिथींनी या समाजाचे नवे पंचांग घडविले आणि त्या पंचांगाला गीतांनी आशय पुरविला. पूर्वीचे सण सोडून दिलेल्या समाजाला नव्या सणांसाठी गाणी हवी होती. पाळणा, लग्नगीत, शोकगीत, गौरवगीत, प्रश्नगीत ही सर्व गरज मोजक्या कवींनी भागविली, आणि त्यांत वामनदादांचा वाटा फार मोठा होता. गावोगाव हिंडून, मिळेल त्या बिदागीवर गाऊन त्यांनी ही रचना उभी केली.

सभेत गाणाऱ्या कवीची रचना सभेमुळे आतून घडते. ध्रुपद छोटे व लक्षात राहणारे असते, कारण ते समूहाने उचलावयाचे असते. अंतऱ्यात युक्तिवाद पुढे सरकतो, कारण तेव्हा सभा ऐकत असते. झीलकरी ध्रुपदाची पुनरावृत्ती करतात तेवढ्या अवकाशात मुख्य गायक पुढचे कडवे निवडतो, प्रसंगी गाळतो, प्रसंगी नवे जोडतो. म्हणून एका गीताचे अनेक पाठ संभवतात आणि त्यांपैकी कोणताही एक पाठ अप्रमाण म्हणता येत नाही. गीतांत भीमाला मायबाप, आई, आणि समाजाला पिले, लेकरे म्हणण्याची जी रीत दिसते ती हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी संकलित केलेल्या जात्यावरच्या ओव्यांतही आढळते. म्हणजे कवीने समूहाला शब्द दिले तसेच समूहातील स्त्रियांच्या ओवीपरंपरेनेही त्याच्या नातेवाचक भाषेची भूमी तयार करून ठेवली होती. इंदिरा जुनघरे यांनी १९८८ मधील आपल्या अभ्यासात आंबेडकरांवरील लोकगीतांतून एका नायकाची घडण कशी होते याची चर्चा केली आहे. त्या घडणीच्या मागे ही दुहेरी देवाणघेवाण आहे. प्रतापसिंग बोदडे यांच्यासारख्या पुढील पिढीतील कवी-गायकांनी वामनदादांना गुरुस्थानी मानले, यावरून ही परंपरा घराण्यासारखी वाहती राहिली असेही दिसते. फरक एवढाच, की या घराण्याचा गंडा कोणत्याही रक्तसंबंधाने किंवा दरबाराने बांधलेला नव्हता.

येथे मर्यादांचा उल्लेखही आवश्यक आहे. हजारो गीतांच्या राशीत पुनरुक्ती अटळ असते आणि ती वामनदादांच्या गीतांतही आहे. नात्याच्या भाषेमुळे विवेकवादी नेत्याची प्रतिमा कधीकधी अवताराच्या जवळ जाते. ज्याने विभूतिपूजेविरुद्ध स्पष्ट इशारा दिला त्याच्याच वाट्याला विभूतिपूजा येते. काही गीतांत घोषणा गीतावर मात करते. परंतु या मर्यादा दाखविण्याचा अधिकार त्या समीक्षेलाच आहे, जी गीतागीतांत तारतम्य करते. सरसकट नाकारणे आणि सरसकट ‘महाकवी’ म्हणून ओवाळणे या दोन्ही कृतींत वाचनाचे कष्ट टाळलेले असतात. गौरव हासुद्धा उपेक्षेचा एक सभ्य प्रकार होऊ शकतो.

७

वामनदादांच्या प्रवासाचा अर्थ असा, की स्वतंत्रता म्हणजे संस्कारांपासूनची अलिप्तता नव्हे. त्यांच्यात जलसा आहे, वारकरी मुद्रा आहे, कव्वालीचा बहर आहे, बोलपटाची चाल आहे, लाल बावट्याचा सवाल आहे आणि जात्यावरची ओवीही आहे. या सर्वांचे ऋण उघडपणे अंगावर वागवून त्यांनी कोणाचीही मालकी मानली नाही. चाल सार्वजनिक, मुद्रा व्यक्तिगत आणि सिद्धी सामूहिक अशी ही तिहेरी रचना आहे. तिच्यातून एक घटक वेगळा काढून त्यावर कवित्वाचा निवाडा केला की निवाडा चुकतो.

या रचनेला न्याय द्यावयाचा तर अभ्यासाच्या साधनांतही बदल करावा लागेल. एकाच गीताचे छापील, हस्तलिखित आणि ध्वनिमुद्रित पाठ शेजारी ठेवून त्यांची चिकित्सा करणे, चालींचे मूळ स्रोत नोंदविणे, वृत्तांची मोजणी करणे, शेवटचे कडवे कोठे गळले आणि कोणी गाळले याचा शोध घेणे, अशी कामे संतवाङ्मयाच्या संपादनात आपण शतकभर करीत आलो आहोत. ती कौशल्ये मराठी अभ्यासकांपाशी आहेत. ती या गीतांसाठी वापरण्याची निकड मात्र वाढत चालली आहे. ज्या पिढीला ही गीते वहीविना पाठ आहेत ती पिढी वृद्ध झाली आहे, आणि तिच्या स्मरणातील पाठभेद तिच्याबरोबरच जातील. ग्रंथालयातली संहिता उशिरा वाचली तरी चालते. कंठातली संहिता वाट पाहत नाही.